चोपन्न वर्षांची फेरी

कात्रजचा घाट उतरून साताऱ्याच्या वाटेला लागले की खेड शिवापूरच्या पुढे, शिवगंगेच्या खोऱ्यात वरवे बुद्रुक लागते. वायव्येला सिंहगड, नैर्ऋत्येला राजगड, आग्नेयेला पुरंदर. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, या खोऱ्यावर खग्रास चंद्रग्रहण लागले. ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श, ११ वाजून १ मिनिटाने संमीलन, त्यानंतर ८२ मिनिटे पूर्ण झाकलेला चंद्र आणि उत्तररात्री १ वाजून २६ मिनिटांनी मोक्ष. या वेळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कित्येक महिने आधीच छापलेल्या होत्या आणि ग्रहण तसेच्या तसे घडले. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण वेळ छापणे आणि ती खरी ठरणे, या दोन गोष्टी एकत्र यायला महाराष्ट्रात फार खटपट करावी लागली आहे. हा लेख त्या खटपटीचा आहे, आणि तिच्या डोक्यावर फिरत राहिलेल्या एका ग्रहणाचा.

कारण २०२५ चे ते ग्रहण एकटे आलेले नव्हते. ६ ऑगस्ट १९७१ च्या रात्री ते याच खोऱ्यावर होते. त्याआधी ४ जुलै १९१७ च्या रात्री होते. त्याआधी १ जून १८६३ च्या रात्री, पहाटे उजाडायच्या बेताला होते. दर दोन फेऱ्यांमध्ये चोपन्न वर्षे आणि वर साधारण एक महिना. पुढची फेरी १० ऑक्टोबर २०७९ ला.

इंग्रजी तारखा बाजूला ठेवून हीच यादी आपल्या महिन्यांत वाचली की ती अधिक देखणी दिसते. १८६३ ला ज्येष्ठ पौर्णिमा, म्हणजे वटपौर्णिमा. १९१७ ला आषाढ पौर्णिमा, गुरुपौर्णिमा. १९७१ ला श्रावणातली नारळी पौर्णिमा. २०२५ ला भाद्रपद पौर्णिमा, जिच्यामागोमाग पितृपक्ष सुरू होतो. आणि २०७९ ला कोजागरी. दर चोपन्न वर्षांनी ग्रहण एक पौर्णिमा पुढे सरकते आहे.

हे का घडते ते पाहण्यासारखे आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली असते, म्हणून दर पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरत नाही, तिच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही कक्षांची प्रतले जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. पौर्णिमेचा चंद्र त्यांच्यापैकी एकाच्या जवळ असला तरच ग्रहण. हे बिंदूही स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकतात आणि साडेअठरा वर्षांहून किंचित जास्त काळात एक फेरी पुरी करतात. सूर्यसिद्धांताने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात राहूच्या २,३२,२३८ फेऱ्या दिल्या आहेत. भागाकार केला की एका फेरीला १८.६ वर्षे येतात, आणि आजची वेधशाळाही तेच सांगते.

आता तीन हिशेब शेजारी मांडावेत. पौर्णिमा ते पौर्णिमा असे २२३ महिने मोजले तर ६५८५ दिवस आणि सुमारे ८ तास होतात. राहूपासून निघून पुन्हा राहूशी येणाऱ्या चंद्राच्या २४२ फेऱ्यांना जवळजवळ तेवढाच काळ लागतो. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो त्या बिंदूपासून त्याच बिंदूपर्यंतच्या २३९ फेऱ्यांनाही तेवढाच. म्हणजे १८ वर्षे ११ दिवस ८ तासांनी चंद्राची कला, राहूपासूनचे अंतर आणि पृथ्वीपासूनचे अंतर ही तिन्ही पूर्वीच्याच जागी परततात, आणि ग्रहणही परतते. बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी मातीच्या पाट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून हे चक्र ओळखले होते. युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीस हॅलीने त्याला सारोस म्हटले आणि तेच नाव रुळले. २०२५ चे ग्रहण १२८ क्रमांकाच्या सारोस मालिकेतले.

अडचण त्या वरच्या आठ तासांची आहे. आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचे ग्रहण होते खरे, पण दुसऱ्याच लोकांच्या डोक्यावर. २८ ऑगस्ट २००७ ला याच मालिकेतले ग्रहण भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास मध्यावर होते. वरव्याचा चंद्र तेव्हा क्षितिजाखाली. १७ ऑगस्ट १९८९ ला ते सकाळी साडेआठच्या पुढे होते, चंद्र मावळून गेलेला. आठ तास तीनदा घेतले की दिवस पुरा होतो आणि ग्रहण मूळ प्रदेशावर येते. ग्रीक लोकांना हेही ठाऊक होते. समुद्रातून वर काढलेल्या अँटिकिथेराच्या प्राचीन यंत्रावर अठरा वर्षांची तबकडी आहे आणि चोपन्न वर्षांचीही.

तीन सारोस म्हणजे ६६९ चांद्रमास. आपल्या चोपन्न वर्षांत नेहमीचे महिने ६४८ आणि अधिकमास सुमारे २०, एकूण ६६८. एक महिना जास्त उरतो, तोच ग्रहणाला वटपौर्णिमेवरून गुरुपौर्णिमेवर नेतो. अधिकमासांची वाटणीही नेमकी आहे. १९७१ ते १९८९ मध्ये (एक क्षयमास वजा करून) सात, १९८९ ते २००७ मध्ये सात, म्हणून ती तिन्ही ग्रहणे नारळी पौर्णिमेलाच झाली. २००७ ते २०२५ मध्ये अधिकमास सहाच पडले आणि ग्रहण भाद्रपदात गेले. मागे जाऊन पाहिले तर १९१७, १९३५ आणि १९५३ ही तिन्ही आषाढात, आणि १८६३, १८८१, १८९९ ज्येष्ठात. तीन-तीन ग्रहणांचे हे गट पंचांगात हाताने तपासता येतात, आणि तपासताना मिळणारा आनंद मोठा असतो. मधली काही ग्रहणे महाराष्ट्रालाही थोडी दिसतात. १८९९ ला चंद्र उगवला तोच झाकलेला होता, १९५३ ला उगवताना ग्रहणाचे शेपूट हाती लागले. पण मध्यरात्रीच्या आकाशातला पूर्ण सोहळा चोपन्न वर्षांनीच.

आपल्याकडच्या ज्योतिष्यांनी मात्र ग्रहणे अशी चक्रावरून सांगितली नाहीत. त्यांची रीत वेगळी होती. महायुगात सूर्याच्या, चंद्राच्या, राहूच्या फेऱ्या किती हे धरायचे, आजपर्यंत गेलेले दिवस मोजायचे आणि प्रत्येक ग्रहण मुळापासून गणिताने काढायचे. स्पर्श किती घटिकांनी, ग्रास किती अंगुळे, मोक्ष कुठल्या बाजूने, सगळे. आठ तासांचा घोळ या रीतीत उद्भवतच नाही, कारण ती गावानुसार उत्तर देते. मला ही रीत अधिक उंचीची वाटते. पण तिची एक किंमत आहे. फेऱ्यांच्या आकड्यात बारीक चूक असली तर ती दरवर्षी साचत जाते, आणि गणित करणाराला ते कळत नाही.

महाराष्ट्रात हे गणित घरोघर पोचवले ते गणेश दैवज्ञांनी. मुरूड-जंजिऱ्याजवळचे नांदगाव हे त्यांचे गाव. वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेणारे, 'ग्रहकौतुक' ग्रंथाचे कर्ते. मुलाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली 'ग्रहलाघव' रचले आणि एक धाडस केले. ज्या आणि चाप, म्हणजे आजच्या भाषेत त्रिकोणमिती, गणितातून काढूनच टाकली. दिवसांची राशी आवाक्यात राहावी म्हणून सुमारे ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र धरले. पाटी-पेन्सिलीवर बसून खेड्यातल्या जोशीबुवांना ग्रहण काढता येऊ लागले. शिवकालात आणि पेशवाईत महाराष्ट्रातली पंचांगे ग्रहलाघवावर चालली ती उगीच नाही. जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला जानेवारी १६६५ मध्ये महाबळेश्वरी सूर्यग्रहणाच्या पर्वावर झाली. असे पर्व आधी कळल्याशिवाय राजगडावरून निघून तयारीनिशी तिथे पोचणे शक्य नव्हते, आणि पर्व सांगायला त्या काळी हेच गणित होते.

पण १५२० पासून सव्वातीनशे वर्षे लोटली आणि साचलेली चूक डोळ्यांना दिसू लागली. कुठे दिसू लागली हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकादशी पंचांगाने सांगितली त्याच दिवशी लागली का, हे सामान्य माणसाला ताडता येत नाही. तिथी आकाशात दिसत नाही. संक्रांतही दिसत नाही. ग्रहण दिसते. पंचांगातली ती एकच गोष्ट अशी, की अंगणात उभे राहून कोणालाही तपासता येते. शिवाय स्पर्शाचे स्नान, मोक्षाचे स्नान, वेध पाळणे, दान देणे यांमुळे घराघराला वेळ अचूक हवी असे. 'दे दान, सुटे गिराण' ही हाक गल्लीत येऊन गेली आणि चंद्र अजून काळाच, किंवा चंद्र कधीचा सुटला आणि पंचांगातला मोक्ष अजून व्हायचाच, असे झाले की चूक पंचांगाची आहे हे पोरासोरांनाही कळे. ग्रहणाभोवतीच्या अनेक रूढी आज सोडून द्याव्यात अशाच आहेत. गर्भवतीला अंधारात उपाशी बसवून ठेवण्याला काहीही आधार नाही. पण वेळेकडे डोळे लावून बसण्याच्या त्या सवयीने पंचांगाला उत्तर देणे भाग पाडले, हेही खरे.

१८६३ ची पहाट याच घालमेलीच्या काळातली. तीन वर्षे आधी, १८६० मध्ये, केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली होती. केरूनाना तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेले, पुढे पुण्यात गणित शिकवणारे. युरोपातल्या वेधशाळांनी दुर्बिणीतून ठरवलेल्या गतींवरून ग्रहांची स्थाने काढायची कोष्टके त्यांनी मराठीत करून दिली. १८६५ पासून त्या गणिताचे पंचांग निघू लागले. त्याला पटवर्धनांचा आश्रय मिळाला, म्हणून ते पटवर्धनी पंचांग. त्यावरून वाद पेटला. अयनांश किती धरायचे, रेवतीचा आरंभबिंदू कोणता, अधिकमास कोणता, यांवरून पुढे दोन-तीन पिढ्या भांडल्या. ग्रहणाच्या बाबतीत मात्र भांडायला फारशी जागा नव्हती. जुन्या गणिताचा अभिमान बाळगणारे पंचांगकर्तेही तिथी जुन्या ठेवून ग्रहणे नव्या गणितावरून घेऊ लागले. हातचलाखी म्हणून त्यांना नावे ठेवता येतील, पण मला त्यात आकाशाचा मान राखल्याचे दिसते. चूक मान्य करायची सुरुवात तिथून झाली.

केरूनानांच्या पुढची फळी अधिक मोठी निघाली. वेंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' रचून नव्या गतींना संस्कृत ग्रंथाचे रूप दिले, आणि १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे ग्रह असावेत असा अंदाज फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेतून मांडला. शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, शिक्षण खात्यातले शिक्षक. 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा ग्रंथ १८९६ चा. एका शाळामास्तराने पोथ्या धुंडाळून, प्रत्येक ग्रंथाचे आकडे स्वतः करून पाहून लिहिलेला हा इतिहास आजही त्या विषयाचा पाया आहे, आणि दीक्षितांचे नाव महाराष्ट्राला जितके ठाऊक असायला हवे तितके नाही. त्याच वर्षी मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ काढला. १८९८ मध्ये स्यूएल यांनी भारतातल्या चंद्रग्रहणांवर पुरवणी ग्रंथ छापला. दीक्षित त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले, वयाची ४५ पुरी होण्याआधी.

भारतातल्या जुन्या चंद्रग्रहणांची यादी कोणाला हवी होती? इतिहासकारांना. राजे आणि सामंत ग्रहणाच्या पर्वावर जमिनी दान देत आणि शिळेवर, ताम्रपटावर तसे कोरून ठेवत. शक चुकलेला असू शकतो, वार चुकलेला असू शकतो, पण झालेच नाही ते ग्रहण दिसत नाही. याचे फार सुंदर उदाहरण चाळीसगावाजवळच्या पाटणचे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला. त्याला दिलेल्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात शक ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असे लिहिले आहे, आणि लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. शक ११२८ ची श्रावण पौर्णिमा धरली तर ती १२०६ च्या जुलैत येते. त्या पौर्णिमेला सूर्य राहू-केतूच्या बिंदूंपासून खूप दूर होता, ग्रहण शक्यच नव्हते. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १२०७ ला, ग्रहण बसते आणि प्रभव संवत्सरही बसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून गेलेले फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा लेख संपादला, तो याच हिशेबाने. ज्या माणसाने ग्रहणाचे गणित शिकवायला मठ काढला, त्याच्या मठाची तारीख एका ग्रहणानेच दुरुस्त करावी, यापरता योग नाही.

१९१७ च्या गुरुपौर्णिमेची रात्र आली तेव्हा हीच नजर मराठ्यांच्या इतिहासाकडे वळली होती, आणि तिची वाट भोर तालुक्यातून गेली होती. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटना, तिथीवार, थोड्या शब्दांत. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात छापली गेली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० चा, हे सांगणारी हीच नोंद. टिळक केरूनानांचे विद्यार्थी, पंचांगशोधनात बुडालेले, 'ओरायन'मध्ये नक्षत्रांवरून वेदांचा काळ शोधणारे. तिथी आणि वार गणिताने जुळतात का, हे पाहिल्याशिवाय कागदावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त. पुढे गणेश सखाराम खरे यांनी शिवकालीन जंत्री केली आणि प्रत्येक अभ्यासकाच्या हाती ते साधन आले. बखरीतली वाक्ये गोड असतात म्हणून खरी मानायचे दिवस या माणसांनी संपवले.

पुढची फेरी १९७१ ची. पौर्णिमा नारळी, महिना ऑगस्ट, त्यामुळे सह्याद्रीच्या या पट्ट्यात ढगांचेच राज्य. मालिकेच्या अगदी मध्याजवळचे हे ग्रहण, चंद्र सावलीच्या गाभ्यातून गेलेला, खग्रास अवस्था ९९ मिनिटांची. त्या वेळी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट, जेम्स आयर्विन आणि आल्फ्रेड वर्डन चंद्रावरून परतत होते. त्यांनी यानातून या ग्रहणाची छायाचित्रे घेतली. चंद्रावरच्या हॅडली भागात ते एक परावर्तक ठेवून आले होते. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यावर आपटून परत येतो आणि चंद्राचे अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात मोजता येते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे, हे त्यातूनच पक्के झाले. केशव दैवज्ञ नांदगावच्या किनाऱ्यावरून जो वेध घेत होते, त्याचेच हे पुढचे टोक. सोलापूरच्या दाते पंचांगातल्या किंवा 'कालनिर्णय'च्या पानावरच्या ग्रहणाच्या वेळा आज मिनिटाला खऱ्या ठरतात, त्यामागे नांदगाव, कुलाबा आणि हॅडली अशी तिन्ही ठिकाणे आहेत.

ही मालिका अनंत नाही. १८४५ च्या आधी ती खंडग्रासच होती. चंद्र प्रत्येक फेरीत सावलीतून थोडा सरकत जातो. १९५३ ला खग्रास काळ सर्वांत लांब, सुमारे १०१ मिनिटांचा झाला, १९७१ ला ९९, २०२५ ला ८२. २०९७ नंतर ती पुन्हा खंडग्रास होईल आणि मग काही शतकांनी विरून जाईल. कोजागरीचे २०७९ चे ग्रहण या खोऱ्यासाठी त्यातले शेवटचे मोठे. आज शाळेत असलेली मुलेच ते पाहतील.

त्याआधी दुसरी मालिका येते, १२५ क्रमांकाची. तिची चोपन्न वर्षांच्या हिशेबातली मागची फेरी २९ नोव्हेंबर १९७४ ची, कार्तिकी पौर्णिमेची. पुढची ३१ डिसेंबर २०२८ ला, कोरड्या हिवाळी रात्री, चंद्र चांगला वर आलेला असताना. स्पर्श रात्री ८ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास, खग्रास अवस्था पावणेदहापासून अकराला दोन मिनिटे कमी असेपर्यंत, आणि मोक्ष १२ वाजून ६ मिनिटांनी. म्हणजे स्पर्श २०२८ मध्ये आणि मोक्ष २०२९ मध्ये. घड्याळ लावून घ्यावे आणि पंचांगातल्या वेळा शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात.